तिसरं नाव

गेणबानं पडद्याचं टोक उचलून आतली नावं वाचली आणि हातातली दोरी सोडून दिली.

मांडव माणसांनी भरला होता. क्रांतिदिनाला पन्नास वर्षं झाली म्हणून गावानं बेचाळीसच्या हुतात्म्यांचा स्तंभ उभारला होता. त्या वेळच्या भूमिगतांपैकी गेणबा एकटाच उरलेला. अनावरण त्याच्याच हातून व्हायचं होतं.

"तात्या, वढा की," सरपंच रणजित हळूच म्हणाला.

"दोघांचीच नावं हायती. बिरदेवाचं कुठं हाय?"

"कोण बिरदेव?"

गेणबानं बायकांकडं बोट केलं. शेवटच्या रांगेत म्हातारी सरुबाई मान खाली घालून बसली होती.

"तिचा मालक. तारा तोडून आमी त्याच्या मेंढरांत लपलो हुतो. पोलिसांनी त्याला धरलं. आमचा ठिकाणा विचारत मरंस्तवर मारलं. त्यानं सांगितला न्हाय."

"पण तात्या, तो चळवळीत न्हवता. मेंढरं राखायचा."

"व्हय. मेंढरं राखली, आन् आमाला बी राखलं."

मंचावरच्या पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. रणजित कासावीस झाला. "पाव्हण्यांना इंदापुरात दुसरा कार्यक्रम हाय."

"जाऊ द्या त्यास्नी. मला कुठं जायचं न्हाय," म्हणत गेणबा स्तंभाच्या पायरीवर बसला.

पाहुणे गेले. गाडीचा धुरळा खाली बसला तरी मांडवातलं एकही माणूस उठलं नाही. रणजितनं त्या माणसांकडं पाहिलं. मग समोर बसलेल्या पाथरवटाला म्हणाला, "झुंबर, छिन्नी घेऊन ये."

पडद्याआड घाव पडू लागले. माणसं ऐकत होती.

काम झाल्यावर गेणबानं सरुबाईला हाताला धरून आणलं आणि दोरी तिच्या मुठीत दिली. पडदा सरकला. तिला वाचता येत नव्हतं. गेणबानं तिचं बोट नव्या अक्षरांवर ठेवलं. "हे त्याचं."

ती एकेक अक्षर चाचपत राहिली. मग कमरेची पिशवी सोडली, भंडारा काढला आणि चारी अक्षरं भरली. काळ्या दगडावर नाव पिवळंधमक उठलं. मागं कुणीतरी ढोलावर थाप टाकली आणि अख्खा मांडव उभा राहिला.

बोटांवर उरलेला भंडारा कुणाला लावावा म्हणून सरुबाई वळली. सगळ्यांच्या पुढं रणजित उभा होता. त्यानं टोपी काढली आणि तिच्यासमोर वाकून कपाळ पुढं केलं.