डाळीचं पाणी

हर्षाच्या बापाचे पाय लाकडासारखे ताठरले तेव्हा डॉक्टर म्हणाला, “दारू सोडा.” जन्मात थेंब न शिवलेल्या माणसाला! संतापून तिनं मायला तेल्हाऱ्याहून शिजवलेली लाखोळीची डाळ आणि तिचं पाणी घेऊन अमरावतीच्या आपल्या प्रयोगशाळेत बोलावलं. लाखोळीत दोन अमिनो आम्लं, जुळ्या भावांसारखी. एक निरुपद्रवी, दुसरं पाय कायमचे निकामी करणारं. हर्षानं ती काचपट्टीवर वेगळी केली, रंग फवारून पट्टी तापवली. डाळीच्या रांगेत विषाचा ठिपका फिकट उमटला, पाण्याच्या रांगेत गर्द जांभळा. डाळ माय खायची, हर्षा सुटीत घरी गेली की तीही. सत्त्व पाण्यात उतरतं, ते फेकू नये, म्हणून माय ते रोज बापालाच पाजायची. मायनं मागून डोकावून पाहिलं. “इतकं जांभळं! सारं सत्त्व पान्यातच उतरलं नं वं? सांग त्या डॉक्टरले.” हर्षानं पट्टी पालथी ठेवली. “हो माय,” ती म्हणाली, “सारं पान्यातच.”