बिनडब्याची केबल

केबल पुन्हा तुटली, आणि तीही भर दुपारी. लाईट गेली, धरणाच्या पाण्यातली मोटर बंद पडली. लाईट परत आली तरी मोटर काही बोलेना. बद्रीनाथनं फ्यूज काढला आणि पाण्यात उतरून चाचपलं. कंबरभर पाण्याखाली केबल कोयत्यानं साफ छाटलेली.

ही तिसरी खेप.

नानासाहेब गारखेड्याहून गाडी घेऊन आले ते शिव्या देतच. बंगला तिथं शहरात, मोसंबीची बाग पैठणच्या अलीकडं नाथसागराच्या काठावर, आणि बागेचा सगळा जीव त्या पाण्यातल्या केबलीत. वैशाखाचं ऊन. झाडांनी पानं टाकायला सुरुवात केली होती. अजून चार दिवस पाणी मिळालं नाही तर पोटच्या लेकरासारखी वाढवलेली बाग सरपणाला जाणार होती.

"सापडू दे हरामखोर. खडी फोडायला नाय पाठवला तर नाव सांगणार नाय!"

बद्रीनाथ हा त्यांचा बागेवरचा माणूस. तो खाली मान घालून म्हणाला, "मालक, जाऊ द्या. नवी केबल टाकू. पोलिसात नका जाऊ."

"का रं? तुझा कोण लागतो तो?"

बद्रीनाथ पाठ फिरवून तुटलेली केबल गुंडाळायला लागला. नानासाहेबांच्या मनात पाल चुकचुकली.

चुकचुकणारच. धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागं सरकतं, तशा काठावरच्या सगळ्यांच्या मोटरी आत आत जातात. पाण्याखाली केबलींचं नुसतं जाळं. कुणाचं कुणी ओढू नये म्हणून प्रत्येकजण आपल्या केबलीला रंगाचा रिकामा डबा बांधतो. कुणाचा लाल, कुणाचा निळा. नानासाहेबांच्या केबलीला मात्र गेल्या सालापासून डबा नव्हता. चोराला खूण कशाला द्यायची, असं ते म्हणायचे. मग इतक्या केबलींतून बिनडब्याची केबल बरोब्बर हुडकणारा कोण? घरचाच भेदी!

नानासाहेबांनी नव्यानं बदलून आलेल्या फौजदारांना गाठलं. गावचे पोलीसपाटील तात्यासाहेब यांना पंच म्हणून बोलावलं. केबल जोडून घेतली आणि सगळे मोसंबीच्या सावलीत दबा धरून बसले. बद्रीनाथला त्यांनी मुद्दाम शेजारीच बसवून घेतलं.

दुपारी लाईट गेली. थोड्या वेळानं एक बाई काठावर आली. पदर खोचलेला, हातात कोयता. मागं न बघता तडक पाण्यात शिरली.

"धरा तिला!"

ती पळाली नाही. पाण्यात तशीच उभी राहिली.

सरूबाई. रामकिसनची बायको. गेल्या साली रामकिसन म्हैस धुवायला पाण्यात उतरला आणि शॉक लागून गेला. म्हैसही गेली. केबल कुणाची, ते काही ठरलं नाही. डबा नाही म्हटल्यावर सगळ्यांनीच कानावर हात ठेवले. नानासाहेब तर बघायलासुद्धा आले नव्हते. गारखेड्यातून फोनवरच म्हणाले, "आपली नाय," आणि विषय मिटला. तेव्हापासून सरूबाईचं डोकं फिरलंय, असं गाव म्हणायचं.

"बाई, केबल तू तोडलीस?" फौजदारांनी विचारलं.

"व्हय."

"तिन्ही वेळा?"

"व्हय, म्याच. बेवारस माल हाय. भंगारात इकते."

"बेवारस?" नानासाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं भवाने, माझी केबल हाय ती!"

"तुमची? मंग डबा कुठंय?"

"डब्याचं काय घेऊन बसलीस!"

"बघा साहेब," सरूबाई फौजदारांकडं वळली, "डबा नाय, खूण नाय, अन् म्हणं माझी. लोकाच्या वस्तूवर हक्क सांगत्यात. येवढा मोठा माणूस, लाज नाय वाटत?"

फौजदारांनी हनुवटी खाजवली. "नानासाहेब, बाई बोलते त्यात तथ्य आहे. केबल तुमचीच कशावरून? गुन्हा नोंदवायचा तर मालकी दाखवावी लागेल."

"मालक," बद्रीनाथनं त्यांची बाही धरली, "सोडा ना. घरी चला. बाईमाणसाच्या नादी काय लागायचं?"

"तू गप रे! मला समजत नाय का तू कुणाच्या बाजूनं हायस ते?" बाही हिसकून नानासाहेब बुटासकट पाण्यात शिरले. दातओठ खात केबल ओढत ओढत पुढं गेले आणि चिखलातून एक काळा गड्डा वर काढला. टेपांवर टेपा मारलेला जाडजूड जोड.

"हे बघा! हा जोड मी मारलाय. माझ्या हातानं, तीन साल झाले. वायरमन आलाच नाय, म्हणून मीच बसलो हितं काठावर. आत माझ्या बुलेटची ट्यूब कापून गुंडाळलीय. सोडून बघा, नसली तर मिशी काढीन!"

फौजदारांनी चाकूनं टेप कापली. आतून ट्यूब निघाली.

"तुमचाच आहे जोड," फौजदार म्हणाले. "पंच, बघितलंत ना?"

तात्यासाहेब त्या जोडाकडं बघतच राहिले. बद्रीनाथनं कपाळावर हात मारून घेतला.

"बोल आता!" नानासाहेब गरजले. "माझी हाय का नाय?"

"तुमचीच हाय," सरूबाई म्हणाली. तिनं कोयता काठावर टाकला आणि पोलीसपाटलापुढं हात जोडले.

"तात्यासाहेब, गेल्या साली बी पंच तुमीच होता. माझ्या धन्याची मूठ तुमी ह्याच जोडावरनं सोडवली होती ना?"