सातवा नागमणी

नाग दुसऱ्यांदा डसला आणि रूपालीचा योद्धा पडद्यावर उताणा पडला.

"फिर मर गए क्या, भाभी?" काउंटरवरून हमीदभाईंनी विचारलं.

"मरू दे. पुन्हा जाते," रूपाली म्हणाली.

हैदराबादच्या कोठी भागातल्या पुस्तकांच्या दुकानांवरचा अंधारा जिना चढलं की हमीदभाईंचं काँप्युटर सेंटर लागायचं. खाली पाटी क्लासची, वर निम्मी गर्दी खेळ खेळणाऱ्यांची. रूपाली शेजारच्या दवाखान्यात कामाला होती. सुटली की ती थेट इथे यायची, कोपऱ्यातल्या मशीनवर.

याच मशीनवर किशोरने तिला हा खेळ शिकवला होता. नवीन लग्न, पुण्याहून आलेली मुलगी. तिला वाटलं नवरा सिनेमाला नेतोय, आणि त्याने नेलं नागाच्या गुहेत. नाग महाबिलंदर. एक तर तो मरायचा नाही, आणि मेला तरी मणी देईलच याचा भरवसा नाही. असे सात मणी जमवले तर लोहार तलवार घडवून देणार आणि तिला आपण म्हणू ते नाव देणार. दोघं एका खुर्चीवर दाटीवाटीने बसायची. की-बोर्ड त्याचा, माऊस तिचा. खालून मिरची भज्यांचा वास यायचा. मणी पडला की किशोर असा "हौ!" करून ओरडायचा की हमीदभाई उठून यायचे. काय दिवस होते ते!

मग एकदा त्याचे वडील, एकनाथराव, हा जिना चढून आले. सगळा जन्म सरकारी कचेरीत गेलेला माणूस. त्यांनी खटपट करून लावून दिलेली नोकरी किशोरने सोडली होती. म्हणे खेळ बनवायला शिकणार. एकनाथरावांनी सगळ्यांदेखत त्याच्या मुस्कटात भडकावली. किशोर त्या संध्याकाळी नल्लकुंटा भागातल्या त्यांच्या घरी आला नाही. नंतरही कधी आला नाही. पोलीस झाले, नातेवाईक झाले. दोन दिवाळ्या त्याच्याविना गेल्या.

थकून एकदा रूपाली हमीदभाईंकडे आली. त्यांनी सहज सांगितलं, "किशोर मियाँ? परसोंच तो आए थे ना. येहीच मशीन पे बैठे थे."

परवा! तिने दोघांचा जुना खेळ उघडला. पासवर्ड होता तारामती, किशोरच्या गेलेल्या आईचं नाव. तो दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हता. योद्ध्याच्या झोपडीतल्या पेटीत त्यांनी शेवटी दोन मणी ठेवले होते. आता तीन होते. रूपाली तिथेच डोळ्यांना पदर लावून रडली.

तेव्हापासून तीही नागाशी झुंजू लागली. मणी मिळाला की पेटीत ठेवायची. एकदा पेटीत आणखी एक वाढलेला दिसला, आणि घरापर्यंत तिचे पाय जमिनीला लागले नाहीत. त्याला गाठायचा तिने प्रयत्न केला नाही. गाठलं तर पुन्हा पळेल. स्वतःच्या पायांनी आला तरच तो आपला, असं तिला वाटे.

घरी ती काही बोलली नाही. त्या थपडेनंतर एकनाथराव पार खचले होते. रोज सकाळी फिरायला जायचे आणि आल्यावर उजव्या मनगटाला बाम चोळत बसायचे.

"बाबा, चालून पाय दुखतात, तुमचा हात कसा दुखतो?" ती चिडवायची.

"छत्रीने, बेटा. परसों ह्या रस्त्याला चिंचेची झाडं होती. छत्री लागायची नाही."

हे परसों म्हणजे निदान तीस वर्षांपूर्वीचं. रूपालीला हसू यायचं. वय झालं बाबांचं, ती मनात म्हणायची.

पेटीत सहा मणी झाले आणि पुण्याहून तिचा भाऊ मकरंद आला, तिला न्यायला.

"तिकडे नोकरी बघून ठेवलीय. आता सोडलीस तर परत मिळायची नाही. आणखी किती वाट बघणार आहेस?"

"संध्याकाळपर्यंत थांब," ती म्हणाली.

संध्याकाळी पेटीत मणी नव्हते. लखलखीत तलवार होती. तिच्याखाली इंग्रजी अक्षरांत नाव लिहिलं होतं, वाट बघतोय.

बघतोय! रूपाली एकटीच हसली, रडली. घरी जाऊन तिने मकरंदला सांगितलं, "मी येत नाही. ती नोकरी दुसऱ्या कुणाला देऊ दे." मकरंद चिडून स्टेशनवर निघून गेला.

तो गेल्यावर एकनाथराव ओसरीवर तिच्याजवळ येऊन बसले. "एवढी खात्री कशाने झाली तुला?"

आता लपवायचं कशाला? "बाबा, किशोर ह्याच गावात आहे. हमीदभाई म्हणाले, परवाच येऊन गेला."

"परवा म्हणाला?"

"परसों म्हणाले."

एकनाथराव हसले. "अगं, हैदराबादचं परसों ते! काल सोडून मागचं सगळं इथे परसोंच."

रूपालीचा चेहरा उतरला. ते पाहून ते घाईने म्हणाले, "पण घाबरू नको. हमीदचं सोड. किशोर येतो, माझ्याजवळ पुरावा आहे. मी फिरायला नाही जात, बेटा. त्याला मारलं तिथेच जाऊन बसतो, त्याच्या मशीनवर. सकाळी हमीद नसतो, त्याचा पोरगा असतो. पासवर्ड काय असणार, तुझ्या सासूचं नाव! नागाला मारून मारून मनगट गेलं, पण तलवार केली त्याच्यासाठी. नाव दिलं, वाट बघतोय."

त्यांचा चेहरा कधी नव्हे इतका उजळला होता.

"माझे मणी ते किती, दोन-तीन. बाकीचे संध्याकाळी कोण ठेवून जाणार, किशोरशिवाय?"