सौ.स अर्पण

संग्रहाची पहिली प्रत हातात आली आणि मी आधी अर्पणपत्रिका उघडली. सगळ्या प्रेमकवितांमागे बायकोच होती. तिने मात्र त्यातली एकही वाचली नव्हती. म्हणून कोऱ्या पानावर मधोमध एवढंच छापायला दिलं होतं: ‘सौ.स’.

छापलं होतं: ‘सोस’.

एक मात्रा आणि एक टिंब गळून बायकोला छापील हुकूम सुटला होता. प्रुफं मीच तपासली होती.

प्रत लपवेपर्यंत तिने ती ओढून घेतली. चष्मा लावून ती त्या पानाकडे बघत राहिली. मी येरझाऱ्या घालू लागलो.

“अगं, चूक आहे ती. सगळ्या प्रतींवर चिठ्ठ्या चिकटवतो.”

“खबरदार! अठ्ठावीस वर्षांत एवढं एकच खरं लिहिलंयत.”

आणि पान उलटून ती पहिली कविता वाचायला बसली.