घाटातला हात

"वहिनी, चावी अध्यक्षांच्या मुलाकडे द्या," नणंदबाई म्हणाल्या. जुन्या गाड्यांच्या क्लबची सहल निघत होती. हे गेल्यानंतरची ही पहिलीच. "वळणावळणाचा घाट आहे. तिथे दादासारखा हात कुणाचा नाही. तुम्ही मागच्या सीटवर आरामात बसा."

"वन्सं, यायचं तर माझ्या शेजारी बसा, नाहीतर इथेच राहा," मी म्हटलं आणि गाडी सुरू केली.

देवाचं नाव घेत त्या बसल्या. पहिल्या वळणाला त्यांनी दाराची मूठ घट्ट धरली, दरी दिसताच डोळे मिटले. दोन-चार वळणांनंतर मूठ सुटली, डोळे उघडले.

"अगबाई, अगदी दादासारखी चालवता हो!"

मी नुसती हसले. यांना घाटात गरगरायचं. त्यामुळे दर वर्षी आम्ही मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहायचो. घाट लागला की गाडी माझ्या हातात यायची आणि हे शेजारी डोळे मिटून लिंबू चोखत बसायचे. शेवटच्या वळणाआड थांबून आम्ही पुन्हा जागा बदलायचो, कारण पुढे हॉटेलच्या दारात सगळा क्लब यांच्यासाठी टाळ्या वाजवायला उभा असायचा.

ते वळण आलं. सवयीने माझा पाय ब्रेकवर गेला.

"का हो, थांबायचंय का इथे?" वन्संनी विचारलं.

"आता नाही," मी म्हणाले, आणि हॉर्न वाजवत गाडी थेट हॉटेलच्या दारात नेली.