डॉगवुडचा खड्डा

फावड्याखाली काहीतरी कचकन तुटलं आणि खड्ड्यातून फुसफुस आवाज यायला लागला. पाठोपाठ कुजक्या अंड्यांसारखा वास आला.

परीक्षित खड्ड्याबाहेर येऊन नुसताच उभा राहिला. गोणपाटात मुळं बांधलेलं डॉगवुडचं झाड लॉनवर आडवं पडलं होतं. या झाडाची मुळं वरवर पसरतात, खड्डा खोल नको, रुंद हवा, असं नर्सरीतल्या बाईंनी सांगितलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फुलं दिसावीत म्हणून त्याने भिंतीजवळची जागा निवडली आणि खड्डा भिंतीकडेच रुंद करत नेला. आधी फोन करून जमिनीखालच्या गॅस-पाण्याच्या लाइन्स मार्क करून घे, असं त्याच्या बायकोने, रेणूने सकाळीच सुचवलं होतं. ते लोक यायला वेळ लावतात, तोवर झाड सुकेल, असं म्हणून त्याने ते उडवून लावलं होतं.

"गॅस आहे," रेणू म्हणाली. "रस्त्यापलीकडे जा आणि नाइन वन वन लाव. इथून फोन करू नकोस."

तो पळाला. तीही पळाली, पण घराकडे. आत तिच्या सासूबाई होत्या. पद्मिनीबाई अमेरिकेत, वेस्ट विंडसरला येऊन फार दिवस झाले नव्हते. घरात एकट्या असल्या की त्या दार आतून लॉक करत. आणि ही त्यांची देवापाशी दिवा लावायची वेळ होती.

रेणूचं बोट बेलपर्यंत गेलं. तिने ते झटकन मागे घेतलं. गॅस आत शिरला असेल तर बेलची ठिणगीही पुरली असती. ती दाराशेजारच्या काचेवर तळव्याने थापा मारू लागली. आत अंधारून आलं होतं. कुणी येत नव्हतं. काडी ओढल्याचा उजेड कुठे दिसतोय का, ते ती बघत राहिली.

अखेर सासूबाई पॅसेजमध्ये दिसल्या. बाहेर कोण आहे ते त्यांना कळेना. नीट दिसावं म्हणून त्यांनी पोर्चच्या दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"अगं आई, नको! हात लावू नकोस!"

हात तिथेच थांबला. मग त्यांनी चाचपडत दार उघडलं. रेणूने त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना तसंच अनवाणी रस्त्यापलीकडे ओढत नेलं.

फायर ट्रक आला. शेजारचे लोकही घराबाहेर येऊन उभे राहिले. गॅसवाल्यांनी पाइप बंद केला, घरात फिरून मशीनने हवा तपासली. परीक्षित मान खाली घालून ऑफिसरच्या प्रश्नांना उत्तरं देत होता. झाड आता दुसरीकडे लावावं लागणार होतं, तेही लाइन्स मार्क झाल्यावरच.

सासू-सून फुटपाथच्या कडेला बसल्या होत्या. रेणूने अजून मनगट सोडलं नव्हतं.

"अहो आई, सॉरी," ती म्हणाली. "मघाशी घाबरून मी तुम्हाला अगं-तुगं केलं."

पद्मिनीबाई घराकडे बघत होत्या.

"'अहो आई, नका' असं तू दिवसभर म्हणतेस," त्या म्हणाल्या. "तसंच म्हणाली असतीस, तर मी बटण दाबलं असतं."