धुरपदाबाईंची जपानी गोष्ट

"मेलेलं माणूस जेवतं का हो, बाई?" धुरपदाबाईंनी विचारलं.

चांगुणाबाई वाचता वाचता थांबल्या. गोष्टीतला कोळ्याचा मुलगा समुद्रात बुडून मेला होता आणि आता धुक्यातून चालत आईच्या दाराशी आला होता. दूध सोसायटीच्या खोलीत पाच-सात माणसं ऐकत बसली होती.

"जेवतं," चांगुणाबाई म्हणाल्या. "पुढं लिहिलंय तसं. पण एका वेळी थोडंच. मध्यंतरी खोकला लई होता त्याला. आता कमी झालाय."

धुरपदाबाईंनी मान हलवली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

सिद्धेश्वर खिडकीबाहेर बघत राहिला. तो सोसायटीचा सेक्रेटरी. ते पुस्तक त्यानंच आणलं होतं, दोनदा वाचलंही होतं. त्यात भुताच्या खोकल्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

जपानी कथांची ही मराठीत आलेली पुस्तकं त्याला बार्शीच्या रद्दीवाल्याकडं मिळाली होती. सकाळचं दूध रवाना झालं की संध्याकाळपर्यंत खोली मोकळीच असायची. म्हणून दर गुरुवारी दुपारी त्यानं वाचन सुरू केलं. पाऊस दोन वर्षं धड नव्हता, रानात काम नव्हतं, त्यामुळं माणसं येऊन बसायची. गावानं त्याला नाव दिलं, जपानी मंडळ. कोंडीराम शिंपी म्हणायचा, "ह्यांची नावं घेता घेता माणसाचे दात पडतील." पण एक गुरुवार चुकवायचा नाही.

चांगुणाबाई दवाखान्यातल्या नर्स. बौद्धवाड्यात खोली घेऊन एकट्या राहायच्या. नवरा बार्शीच्या गिरणीत होता. शनिवारी एसटीनं जायच्या, सोमवारी परत यायच्या. ह्या कोरड्या गावात त्यांनी बदली मागून घेतली, ह्याचं सगळ्यांना नवल वाटायचं. आवाज स्वच्छ, म्हणून वाचायचं काम त्यांच्याकडं आलं. त्या वाचायला लागल्या त्याच महिन्यात धुरपदाबाई यायला लागल्या. आधी उंबऱ्याशी बसायच्या. मग हळूहळू नर्सबाईंच्या शेजारी सरकल्या. पाटलाच्या घरची बाई बौद्धवाड्यातल्या बाईला खेटून बसते म्हणून कुजबुज झाली, पण त्या हलल्या नाहीत.

त्यांचं दुःख गावाला ठाऊक होतं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांचा एकुलता एक श्रीपती कामाला म्हणून सोलापूरला गेला. वर्षभरानं वडील, हिंमतराव, त्याला आणायला गेले आणि एकटेच परत आले. "कॉलऱ्यानं गेला. तिकडंच उरकून आलो," एवढंच म्हणाले. दहाव्याला नदीवर सिद्धेश्वरही होता. पिंडाला कावळा शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवावा लागला. त्या दिवसापासून धुरपदाबाईंचं बोलणंच आटलं होतं. आता बोलायच्या त्या गुरुवारी, आणि तेही भुतांबद्दल.

"त्याला कामधंदा असतो का?"

"असतो. रात्रपाळी असती."

"आईची आठवण काढतं?"

चांगुणाबाईंनी उगीच पान उलटलं. "जेवताना काढतं."

बाहेर पडल्यावर सिद्धेश्वरनं चांगुणाबाईंना गाठलं.

"बाई, पुस्तकात न्हाय ते तुम्ही वाचता."

"व्हय, भाऊ."

"तिचं काळीज आधीच जळालंय. उगं आस लागंल."

"तुम्ही म्हणत असाल तर थांबते."

सिद्धेश्वरला म्हणवेना. "न्हाय," तो म्हणाला. "वाचा."

एका गुरुवारी हिंमतराव दारात येऊन उभे राहिले. ते सोसायटीचे चेअरमन. त्यांना बघून माणसं उठायला लागली. त्यांनी हातानंच बसा म्हटलं आणि थोडा वेळ ऐकलं. चांगुणाबाईंचा आवाज जरासुद्धा बदलला नाही. पण ते उभे होते तोवर त्यांनी पुस्तकात होतं तेवढंच वाचलं.

"असल्या गोष्टी कशाला वाचता?" हिंमतराव म्हणाले. "मेला तो मेला."

त्यांच्या वहाणांचा आवाज लांब गेला तेव्हा धुरपदाबाई खाली बघतच म्हणाल्या, "पुढं?"

"पुढं त्याला लेकरू होणाराय, काकी."

कोंडीराम हसला. "भुताला लेकरू? जपानात काय बी होतंय."

धुरपदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी चांगुणाबाईंकडं नुसतं बघितलं. किती तरी वेळ बघत राहिल्या.

उन्हाळा लागला तशी विहिरींनी तळ गाठला. चांगुणाबाई लांबलचक रजा टाकून बार्शीला गेल्या. गुरुवार बंद पडला. पुढच्याच महिन्यात धुरपदाबाईंनी अंथरूण धरलं. डॉक्टर येऊन गेला आणि आता काही खरं नाही म्हणाला. हिंमतराव मीटिंगला धाराशिवला गेले होते, त्या दुपारी धुरपदाबाईंनी सिद्धेश्वरला बोलावून घेतलं.

"सिद्धेश्वरा, ती गोष्ट अर्धीच ऱ्हायली बघ."

"पुस्तक आणू का, काकी? मी वाचतो."

"तुझ्या पुस्तकात न्हाय ती." त्यांना धाप लागली. "बाईकडं जा. त्या भुताला काय झालं, इचारून ये. मुलगा का मुलगी. तेवढं कळलं म्हंजी झालं."

तापानं डोक्यात काहूर उठवलं असेल, असं त्याला वाटलं. तरी तो सकाळच्या एसटीत बसला. वाटेत ईट गाव गेलं, उघडीबोडकी रानं गेली. चांगुणाबाईंना कसं सांगायचं, ते तो मनाशी जुळवत होता. बाई, शेवट गोड करा. खोटा असला तरी चालंल. म्हातारीला घेऊन जायला काही तरी द्या.

गिरणीमागच्या चाळीत त्यानं दवाखान्यातल्या बाईंचं घर विचारलं. नळावरच्या बायकांनी शेवटचं दार दाखवलं. आतून तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू येत होतं. मग कुणी पुरुष खोकला.

सिद्धेश्वरनं कडी वाजवली.

चांगुणाबाईंच्या नवऱ्यानं दार उघडलं. खांद्याशी लेकरू धरून धुरपदाबाईंचा श्रीपती उभा होता.